गोधडीची मापे

एखाद्या कादंबरीची बांधणी सैल आहे असे म्हणावयाचे असले, की आपल्याकडील समीक्षक हमखास गोधडीकडे वळतो. प्रसंग 'ठिगळांसारखे' जोडले आहेत, निवेदन 'गोधडीसारखे' झाले आहे, अशी वाक्ये आम्ही विद्यार्थिदशेत वाचली, पुढे अध्यापक झाल्यावर उत्तरपत्रिकांतून तपासली आणि, खरे सांगावयाचे तर, स्वतःही लिहिली असतील. दुसऱ्या बाजूस गोधडीवर माया करणारे लेखनही मराठीत विपुल आहे. तेथे गोधडी म्हणजे आईची ऊब, आजीचा हात, गरिबीतले ऐश्वर्य. या दोन्ही पक्षांत वरवर पाहता विरोध दिसतो. पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. गोधडीला माप नसते, ती हाताला येतील त्या चिंध्यांची, मनाला येईल तशी जोडलेली वस्तू असते, हे दोघांनीही गृहीत धरलेले आहे. प्रस्तुत लेखात आम्हाला या गृहीतकाविषयी बोलावयाचे आहे. आमच्या मते ते साफ चुकीचे आहे. आणि ते चुकीचे कसे हे समजून घ्यावयाचे तर उपमा बाजूला ठेवून प्रत्यक्ष गोधडी अंथरावी लागेल, ती मोजावी लागेल, आणि मुख्य म्हणजे ती कशाने मोजली जात असे हे पाहावे लागेल.

प्रथम शब्दांचा थोडा खुलासा करू. कापूस पिंजून भरलेली ती रजई किंवा दुलई. ती पिंजाऱ्याच्या कामाशी बांधलेली, पैसे मोजून करून घेण्याची वस्तू. गोधडीत सुटा कापूस नसतो. जुन्या वापरलेल्या कापडाचे थर एकावर एक ठेवून ते धावदोऱ्याने एकजीव केले, की गोधडी होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात हिलाच वाकळ म्हणतात. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते चांगले रुळलेले होते. तान्ह्या मुलाचे ते दुपटे. या शब्दातच थरांची संख्या सांगितलेली आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. कापड चार पदरी दुमडले की चौघडी. घडी हे गोधडीचे पहिले माप होय. कापड कापण्यापूर्वी ते किती वेळा दुमडावयाचे हे ठरवावे लागते, आणि त्या एका निर्णयात लांबी, रुंदी, जाडी व वजन ही चारही ठरून जातात.

आता मोजण्याचे साधन. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, हाताची निम्मी वीत, विताची बारा बोटे किंवा अंगुळे. ही कोष्टके फार जुनी आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही बारा अंगुळांची वितस्ती आणि दोन वितस्तींचा हात असाच हिशेब आहे. इंचांत सांगावयाचे तर हात साधारण १८ इंचांचा, वीत ९ इंचांची आणि बोट पाऊण इंचाचे. कोणी म्हणेल, प्रत्येकाचा हात निराळा. मग हे कसले प्रमाण? शंका रास्त आहे. पण ती बाजाराची शंका आहे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर आले की कोणाचा हात धरावयाचा हा प्रश्न उभा राहतो, आणि तेथे राज्यसंस्थेला मध्ये पडावे लागते. अकबराला ४१ अंगुळांचा इलाही गज ठरवून द्यावा लागला तो याच कारणाने. आपल्याकडे सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या जमीनमोजणीचे जे वर्णन आहे, तेही या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. काठी पाच हात आणि पाच मुठींची, असे सांगून सभासद थांबत नाही. हात चौदा तसूंचा असावा आणि हात व मुठी मिळून काठी ब्याऐंशी तसूंची व्हावी, इतके तो नेमके नोंदवतो. हात हा मुळात माणसाच्या देहाचा भाग. त्याला तसूंनी बांधल्याशिवाय सारा वसूल करता येत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून बखर लिहिणाऱ्या कारकुनी पेशाच्या माणसाला ही बाब नोंदण्याजोगी वाटली, हे महत्त्वाचे.

गोधडीला मात्र तसूने बांधलेल्या हाताची गरज नव्हती. जिच्या हाताने लुगडे मोजले जाई, तिच्याच हाताने आतले थर, तिच्याच विताने ठिगळे आणि तिच्याच बोटाने टाक्यांच्या ओळींमधले अंतर. हात सोळा इंचांचा असो की एकोणीस, एका गोधडीपुरते सर्व माप एकाच देहातून आलेले असल्यामुळे प्रमाण बिघडत नाही. बाजाराचे माप दोन माणसांत एकवाक्यता आणते, घराचे माप एका वस्तूच्या अवयवांत. हे दुसरे काम कमी शिस्तीचे नाही. आम्ही तर म्हणू, वाङ्मयाच्या अभ्यासकाला या दुसऱ्या प्रकारच्या मापाची ओळख अधिक असावयास हवी. वृत्तातील मात्रा तरी दुसरे काय करते?

एक प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार. वार म्हणजे ३६ इंच, म्हणजेच दोन हात. तेव्हा नऊवारी लुगडे अठरा हातांचे. ते चार पदरी दुमडले, तर घडीची लांबी साडेचार हात, म्हणजे ८१ इंच, पावणेसात फूट होते. पन्हा साधारण ४५ इंचांचा धरला, तर रुंदी अडीच हात. एका लुगड्याची एक चौघडी, साडेचार हात लांब आणि अडीच हात रुंद, चार थरांची: एका माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरेल आणि दोन्ही बाजूंनी अंगाखाली दाबता येईल असे नेमके पांघरूण. एक तसूही कापड वाया गेले नाही, एकही काप द्यावा लागला नाही. दोघांसाठी हवी असेल तर दोन लुगड्यांच्या दोन चौघड्या लांबीच्या बाजूने जोडावयाच्या. रुंदी पाच हात, थर तेच चार. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण खर्चाच्या संदर्भात वापरतो. पण अंथरूण साडेचार हातांचे का, याचे उत्तर लुगड्याच्या घडीत आहे.

अर्थात प्रत्येक गोधडी अशी एका लुगड्याची नसे. आतल्या थरांत धोतरे, उपरणी, सदरे, फाटक्या चादरी असे काहीही जाई. पण वरच्या आणि खालच्या थराचे माप ठरले, की आतल्या तुकड्यांना त्या चौकटीत बसावे लागे. कोणता तुकडा कोठे घालावयाचा यालाही नियम होता. लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. पायाशी घासणारा भाग आणि बसण्याचा भाग आधी विरतो, पदर मात्र पुष्कळदा नव्यासारखा राहतो. धोतराचेही तेच. म्हणून विरलेले आत, मजबूत बाहेर. आणि विरलेला भाग विरलेल्या भागावर येऊ द्यावयाचा नाही, नाहीतर तेथे गोधडी पातळ पडून पहिल्या धुण्यातच भोक पडावयाचे. ही निवड 'हाताला येईल ते' या वर्णनात बसत नाही.

साडेचार हात म्हणजे नऊ विती. हा आकडा आम्हाला अगदी निराळ्या ठिकाणी पूर्वी भेटला होता, आणि येथे तो पुन्हा दिसल्यावर काही काळ आम्ही अडखळलो. विनयपिटकात पाचित्तिय नियमांच्या अखेरीस चीवराच्या मापाविषयी एक नियम आहे. सुगताचे चीवर सुगताच्या विताने नऊ विती लांब आणि सहा विती रुंद. भिक्षूने त्याएवढे किंवा त्याहून मोठे चीवर करू नये. नऊ विती लांब! मोह असा होतो, की भिक्षूचे ठिगळांचे चीवर आणि आमच्या गावाकडची वाकळ यांच्यात एक सलग दोरा ओढून मोकळे व्हावे. हा मोह आवरावयास हवा. टीकाकारांनी सुगताची वीत सामान्य माणसाच्या वितीच्या तिप्पट मानली आहे, आणि ते मानले तर साम्य तत्काळ कोसळते. तिप्पट न मानता साधी वीत धरली, तरीही फार तर इतकेच म्हणता येईल, की मनुष्यदेह झाकण्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच होता आणि मोजण्याचे साधनही तोच देह होता. उत्तर सारखे आले यात नवल नाही. वारसा सिद्ध करण्यास याहून अधिक पुरावा लागतो.

मात्र विनयपिटकाचा उपयोग आम्हाला दुसऱ्याच कारणासाठी वाटतो. ठिगळ जोडण्याच्या कामाविषयी इतके बारकाईने लिहिलेले इतके जुने लेखन आपल्याकडे क्वचितच असेल. महावग्गात बुद्ध आनंदाला मगधातील शेते दाखवतो, बांधांनी आखलेली चौकोनी खाचरे, आणि अशा रचनेचे चीवर करता येईल का असे विचारतो. आनंद ते करून दाखवतो. त्या चीवराच्या प्रत्येक भागाला नाव आहे: मोठी आडवी-उभी पट्टी ती कुसि, अर्धी ती अड्ढकुसि, मधले खाचर ते मंडल, आणि सभोवारची किनार ती अनुवात. चिंध्यांचे वस्त्र, पण ते शेताच्या नकाशासारखे आखलेले! चुल्लवग्गात तर प्रत्यक्ष शिवणकामातील अडचणी एकामागून एक येतात. टाके लहानमोठे पडू लागले, तेव्हा मापाची खूण वापरण्यास अनुज्ञा मिळाली. ओळी वाकड्या जाऊ लागल्या, तेव्हा 'मोघसुत्त' लावण्यास अनुज्ञा मिळाली, म्हणजे पुढे काढून टाकावयाचा कच्चा दोरा. सुई बोटाला टोचू लागली, तेव्हा अंगुस्तानाला. कापड ताणून धरण्याच्या चौकटीला कठिन म्हणत. वर्षावासानंतरच्या चीवरदानाला आजही तेच नाव आहे. धर्मग्रंथात टाक्यांच्या अंतरावर चर्चा व्हावी, याचे आम्हाला मोठे अप्रूप वाटते. जाता जाता: मोघ म्हणजे व्यर्थ, फुकट गेलेला. कच्च्या दोऱ्याला याहून नेमके नाव आम्हाला तरी ठाऊक नाही.

या वस्त्रव्यवहाराचा एक हिशेब महाराष्ट्राच्या भूमीवरही कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. त्यांतील दोन हजारांवर दरमहा शेकडा एक दराने व्याज, आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब पैशापर्यंत जुळतो. त्यागाचे प्रतीक म्हणून जे वस्त्र आपण ओळखतो, त्यामागे विणकरांची श्रेणी, ठेव आणि व्याजाचा दर होता. आणि हे सांगितल्याने त्या वस्त्राची प्रतिष्ठा उणावत नाही. आपल्याच काळात गाडगेबाबांना लोक 'गोधडे महाराज' आणि 'चिंधेबुवा' म्हणत. त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांविषयी भक्तिभावाने बोलणारे पुष्कळ. त्या चिंध्या अंगावर टिकाव्यात म्हणून कशा जोडाव्या लागतात, याविषयी बोलणारे कोणी नाही.

आता टाक्यांकडे येऊ, कारण गोधडीचे खरे गणित तेथे आहे. सारवलेल्या स्वच्छ जमिनीवर खालचे कापड उलटे अंथरावयाचे, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून ताणावयाचे, त्यावर आतले थर, मग वरचे कापड सुलटे. नंतर कच्चा दोरा, वीतभर लांबीच्या टाक्यांनी, मधून कडेकडे. मधून का, तर सुरकुत्या कडेकडे सरकाव्यात म्हणून. कडेकडून आत आल्यास सारी ढील मध्यभागी गोळा होते आणि गोधडीला पोट येते. हे झाल्यावर पक्का धावदोरा. त्याच्या ओळी काही जणी लांबीच्या दिशेने सरळ घालतात, काही जणी कडेने चौकट धरून आत आत येत जातात. दोन ओळींत अंतर किती? एक ते दोन बोटे. हे अंतर रुचीवर अवलंबून नसते. ओळी फार जवळ आल्या तर थरांमध्ये हवा कोंडून राहत नाही, गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते आणि ऊब कमी होते. फार लांब गेल्या तर धुताना ओले थर एकमेकांवरून सरकतात, आतले विरलेले कापड गोळा होते, आणि भिजलेल्या गोधडीचे सारे वजन मोजक्या टाक्यांवर येऊन ते तुटतात. बोटभर अंतर हा ऊब आणि मजबुती यांच्यातील तह आहे.

या बोटभर अंतराची किंमत किती, तेही मोजून पाहू. सोईसाठी दोन ओळींत एक इंच अंतर धरले, तर ४५ इंच रुंदीत ४५ ओळी, प्रत्येक ८१ इंचांची: एकूण ३,६४५ इंच, म्हणजे १०१ वारांहून थोडी अधिक लांब शिवण. टाक्यांच्या चढउतारात जाणारा दोरा निराळा. इंचाला चार टाके धरले, तर साडेचौदा हजार टाके होतात. दोरा हातभराहून फार लांब घेतला तर गुंता होतो, म्हणून तो वारंवार तोडून पुन्हा ओवावयाचा. अंतर दीड इंच केले, तर ओळी तीस आणि शिवण साडेसदुसष्ट वारांवर येते; तिसरा हिस्सा कष्ट वाचले. शिवणारीने एक बोट की दोन बोटे हे ठरवताना नेमका हाच हिशेब केलेला असतो, फक्त तिने तो कागदावर मांडलेला नसतो. शिवाय टाक्यांनी कापड आकसते. आम्हां दोघांपैकी एकाच्या आजीची जी वाकळ आज घरात आहे, ती आम्ही फितीने मोजली तेव्हा ७७ इंच लांब आणि ४३ इंच रुंद भरली. लांबीचे चार इंच आणि रुंदीचे दोन इंच टाक्यांत व धुण्यांत गेले. मूळ आकडे मात्र अजून ओळखू येतात. आणखी एक गोष्ट तीत दिसते. एका कडेला ओळी बोटभर अंतराने सुरू होतात, दुसऱ्या कडेला पोहोचेतो ते अंतर दोन बोटांवर जाते. घाई होती, दोरा संपत आला होता, की नजर कमी होत होती, हे सांगणारे आता कोणी नाही.

गोधडीचा शेवट म्हणजे तिच्या कडा, आणि जुन्या गोधड्या प्रथम तेथेच हार खातात. ओढण्याची, झटकण्याची, पिळण्याची सारी झीज कडांवर आणि कोपऱ्यांवर येते. कडा बंद करण्याच्या तीन रीती सर्वत्र आढळतात. खालचे कापड चारी बाजूंनी तीनतीन बोटे मोठे ठेवून वर दुमडावयाचे आणि टाचावयाचे, ही सर्वांत सोपी. वरचे आणि खालचे अशी दोन्ही कापडे आत दुमडून कडेला बारीक टाक्यांनी शिवावयाची, ही दिसण्यात सर्वांत साधी पण करण्यास अवघड, कारण आतल्या थरांच्या कडा आधी बोटभर आत कापून घ्याव्या लागतात. तिसरी रीत निराळ्या पट्टीचा गोट लावण्याची, आणि येथे लुगडे पुन्हा एकदा मदतीला येते. लुगड्याचा काठ अंगापेक्षा घट्ट विणलेला असतो. अंग विरले तरी काठ शाबूत राहतो. साडेचार हात बाय अडीच हात गोधडीचा घेर चौदा हात होतो. एका लुगड्याचा एक काठ अठरा हातांचा. चौदा हात घेराला, आणि उरलेले चार हात कोपऱ्यांच्या दुमडीला, जोडांना व पुढेमागे लागणाऱ्या दुरुस्तीला. दुसरा काठ दुसऱ्या गोधडीला.

कोपरा हा या कामातला सर्वांत नाठाळ भाग. चार थर आणि वर गोटाची दुहेरी दुमड, यांत साधी सुई शिरत नाही. दाभण घ्यावी लागते. सरळ दुमडला तर कोपरा जाड होतो. तिरपा दुमडला तर सपाट बसतो, पण त्याला अंदाज लागतो. या अडचणीचे फार सुंदर उत्तर आमच्या शेजारी उत्तर कर्नाटकात सापडते. यल्लापूर, हल्याळ या भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी जे निसटून जंगलात गेले, त्यांचे वंशज या समाजात आहेत. कोकणी-मराठीचा मोठा अंश त्यांच्या बोलीत आहे. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. ती एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने फिरत मध्यभागी संपते, आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर रंगीत कापडाच्या अनेकपदरी त्रिकोणी घड्या लावतात. या घड्यांना त्या फूल म्हणतात. फूल नसेल तर कवंदी उघडी राहिली, असे त्या थट्टेने म्हणत असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. अमेरिकी कलेतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या अभ्यासामुळे या कवंद्या परदेशातील कलादालनांत पोहोचल्या. आमच्या वाकळीला तो मान मिळाला नाही. त्याची खंत आहेही आणि नाहीही.

कारण गोधडी जपून ठेवण्याची वस्तूच नव्हती. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधून पोर्तुगालला गेलेली रेशमी भरतकामाची पांघरुणे युरोपातील संग्रहालयांत आजही आहेत. दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत जपली गेली, पण ती तिच्यावर लिहिलेल्या पंचीकरणासाठी. सुमारे चाळीस फूट लांबीचे ते वस्त्र पांघरण्यासाठी राहिलेच नव्हते. गोधडी मात्र विरली की नव्या गोधडीच्या आतला थर होते. शंभर वर्षांपूर्वीची गोधडी शोधावयाची तर ती कोठल्यातरी पन्नास वर्षांपूर्वीच्या गोधडीच्या पोटात शोधावी लागेल. म्हणून तिचा इतिहास वस्तूंवरून लिहिणे कठीण, आणि मापांवरून लिहिणे त्यामानाने सोपे.

ती मापे बदलली कशी? १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत कापडाच्या दुकानात वार जाऊन मीटर आला. पण गोधडीवर मीटरचा परिणाम फारसा झाला नाही. शिंप्याच्या फितीवर आजही इंच चालतात आणि नऊवारीला कोणी सव्वाआठ मीटरी म्हणत नाही. खरा परिणाम केला तो साडीने. नऊवारी मागे पडून सहावारी आली. सहा वार म्हणजे बारा हात. ती चार पदरी दुमडली तर लांबी तीन हात, साडेचार फूट. मोठ्या माणसाचे पाय उघडे पडणार. तीन पदरी दुमडली तर लांबी चार हात, सहा फूट. म्हणजे आखूडही आणि एका थराने पातळही. पाचवारीचे दहा हात तर कशातच नीट बसत नाहीत. चौघडीचे जुने गणित मोडले ते असे. आता कापावे लागले, जोडावे लागले, भर घालावी लागली. आणि 'ठिगळांची गोधडी' ही जी प्रतिमा आज आपल्या मनात आहे, ती आमच्या मते बऱ्याच अंशी या नंतरच्या गोधडीची आहे. पुढे नायलॉन, टेरिलीन, पॉलिएस्टर आले. त्यांचे थर एकमेकांवर धरून राहत नाहीत, घाम शोषत नाहीत, आणि विरतही नाहीत. जे कापड विरत नाही ते मऊही होत नाही. आज बाजारात मिळणारी यंत्रावरची गोधडी साठ बाय नव्वद इंचांची असते, कारण एकेरी पलंगाची चादर त्या मापाची असते. माप देहावरून पलंगावर गेले.

भाषेत मात्र जुनी मापे ठाण मांडून आहेत. 'तसूभरही ढळला नाही' असे आमचे विद्यार्थी निबंधात सर्रास लिहितात. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, हे वर्गात विचारल्यास एकही हात वर होत नाही. वीतभर पोट, टीचभर खोली, हातभर जीभ, बोटभर चिंधी ही सारी मापे कधीकाळी खरोखर मोजण्याच्या कामी येत होती. कोशात त्यांचे अर्थ मिळतात. वापर मिळत नाही.

आमच्या परिचयाच्या अनेक महाविद्यालयांत लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी गावोगाव जाऊन ओव्या, उखाणे, कहाण्या गोळा करतात. त्यांच्या वहीत गोधडीचे एखादे छायाचित्र असते आणि खाली 'ग्रामीण जीवनातील मायेचे प्रतीक' असा मथळा. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना अलीकडे एक फीत बरोबर न्यावयास सांगतो. लांबी-रुंदी इंचांत घ्यावी, मग ज्या बाईंनी ती शिवली त्यांना हात मांडून दाखवावयास सांगावे आणि तो हातही मोजावा. थर किती, हे कडेच्या उसवलेल्या जागी पाहावे. दोन ओळींत बोटे किती, ती सुरुवातीला आणि शेवटी सारखीच आहेत का, दोऱ्याचा रंग कोठे बदलला, कोपरा सरळ दुमडला आहे की तिरपा, हे लिहावे. आणि गोटाचा काठ कोणाच्या लुगड्याचा, हे अखेरीस विचारावे. बहुधा त्या प्रश्नानंतर फीत गुंडाळून ठेवावी लागते आणि वही पुन्हा उघडावी लागते.